जुन्या गोव्यातील सांता मोनिकाचा मठ: तिथल्या संन्यासिनींचे जीवन कसे होते आणि त्यांची परंपरा का खंडित झाली?

अंत्रुजवासी यांचा प्रश्न

सर्वांस नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील आहे आणि शाळेत मराठी शिकवते. गेल्या रविवारी आईला घेऊन जुन्या गोव्याला गेले होते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाच्या निमित्ताने ती तिथे अनेकदा गेली होती; परंतु बॉम जीझस चर्चच्या पश्चिमेकडचा चढ चढून सांता मोनिकाच्या भव्य इमारतीपर्यंत ती प्रथमच आली. तिथले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आम्ही सावकाश पाहिले आणि मग बाहेरच्या भिंतीला टेकू देणाऱ्या जांभ्या दगडाच्या कमानींच्या सावलीत थोडा वेळ बसलो.

आईचे माहेर कवळ्याचे; तिथे आमचा हिंदू मठ आहे. मठ म्हणजे काय हे तिला पुस्तकातून कळलेले नाही. स्वामींचा मुक्काम, चातुर्मास, शिष्यस्वीकार आणि पहाटेचे घंटानाद यांत तिचे बालपण गेले. त्यामुळे तिने मला जे विचारले ते मला आजवर कधी सुचलेच नव्हते. ती म्हणाली, "हा मठ कोणत्या संप्रदायाचा? इथल्या बायका दिवसभर काय करीत होत्या? आणि एवढा मोठा मठ, तर त्यांच्यामागून कोणी शिष्या का राहिली नाही?" माझ्याकडे एवढेच उत्तर होते, की हा माद्रींचा, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचा, मठ होता आणि पूर्वीच बंद पडला. ते ऐकून तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

पाद्री, फ्रायर, जेझुइट, माद्र हे सारे शब्द आपण गोव्यात सरमिसळ करून वापरतो. त्यांच्यात भेद कोणता, हेही जाणकारांनी सांगितले तर आभारी राहीन.

म्हापशाचे निवृत्त इतिहास-शिक्षक यांचे उत्तर

बाई, आपल्या आईंनी विचारलेला पहिला प्रश्न अगदी नेमका आहे. ख्रिस्ती मठ पाहताना सर्वप्रथम संप्रदायच विचारावा लागतो, कारण दिनक्रम, वेष, उपवास, मालमत्तेचे नियम आणि प्रमुखांची निवड हे सारे त्या त्या संप्रदायाच्या नियमावलीवर अवलंबून असते. सांता मोनिकाचा मठ संत ऑगस्टीन यांच्या नियमावलीनुसार चालणाऱ्या संन्यासिनींचा होता. ऑगस्टीन हे उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे बिशप. त्यांचा काळ इ. स. ३५४ ते ४३०. ज्या मोनिकाचे नाव या मठाला दिले आहे ती त्यांची आई. पुत्राने सन्मार्गावर यावे म्हणून तिने वर्षानुवर्षे अश्रू ढाळीत प्रार्थना केली, अशी तिची ख्याती आहे. ऑगस्टीन यांची नियमावली फार छोटी आहे. एका बैठकीत वाचून होते. मठात राहणाऱ्यांनी ईश्वराच्या ठायी एकचित्त होऊन नांदावे, कोणीही कोणतीही वस्तू आपली म्हणू नये, ठरलेल्या वेळी प्रार्थना करावी, आजाऱ्याची आस्थेने काळजी घ्यावी आणि भांडण झालेच तर ते लवकरात लवकर मिटवावे, हा तिचा गाभा आहे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांची ७३ प्रकरणांची नियमावली याहून बरीच तपशीलवार आहे, आणि युरोपातील जुने मठ मुख्यतः तिच्यावर उभे राहिले.

आता शब्दांविषयी. ‘पाद्री’ हा आपला सर्वसमावेशक शब्द आहे. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मिस ही उपासना सांगणारा कोणीही पाद्री. त्यांतील धर्मप्रांतीय पाद्री हा बिशपच्या आज्ञेत असतो, तो कोणत्याही संघाचा नसतो. मठवासी हा एकाच मठाशी आयुष्यभर बांधलेला असतो. फ्रायर मात्र तेराव्या शतकात पुढे आलेल्या भिक्षेकरी संघांचे, म्हणजे फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, कार्मेलाईट आणि ऑगस्टीनियन. हे मठात एकत्र राहतात, परंतु धर्मोपदेशासाठी गावोगाव फिरतात आणि संघाच्या आज्ञेने एका मठातून दुसऱ्या मठात जातात. १५४० मध्ये मान्यता मिळालेला जेझुइट संघ याहूनही वेगळा, कारण एकत्र जमून प्रार्थनाप्रहर गाण्याचे बंधन त्यांनी मुळातच ठेवले नाही. मराठीच्या अभ्यासकाला हे ठाऊक असलेले बरे, कारण १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य छापून आणणारे फादर स्टीफन्स जेझुइट होते.

गोव्यात फ्रान्सिस्कन १५१७ मध्ये आले, जेझुइट १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर, डॉमिनिकन १५४८ मध्ये आणि ऑगस्टीनियन १५७२ मध्ये. बार्देश फ्रान्सिस्कनांकडे आणि सासष्टी जेझुइटांकडे, अशी वाटणीच झालेली होती. ऑगस्टीनियनांनी जुन्या गोव्यातील ज्या टेकडीवर वस्ती केली तिला पवित्र टेकडी म्हणत. सांता मोनिकाच्या समोर जो उंच भग्न मनोरा आपण पाहिला असेल तो त्यांच्याच नोसा सेन्होरा दा ग्रासा या चर्चचा. ते चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले आणि मनोऱ्याची मूळ उंची ४६ मीटर होती. त्याच संघातील आर्चबिशप आलेशो दी मेनेझिस यांनी संन्यासिनींच्या मठाचा पाया घातला. १६०६ साली काम सुरू झाले आणि १६२७ मध्ये पुरे झाले. १६३६ मध्ये त्याला मोठी आग लागली, परंतु लगेच पुढच्याच वर्षी तो पुन्हा उभारण्यात आला. थोडक्यात, रस्त्याच्या अलीकडे बंधू आणि पलीकडे भगिनी, असा एकाच संप्रदायाचा हा जोडमठ होता.

दिवाडकरीण यांचे उत्तर

सरांनी संप्रदाय सांगितला. दिवसभराच्या जीवनाविषयी मी लिहिते. माझी एक आत्या बंदिस्त मठात कार्मेलाईट संन्यासिनी आहे, आणि तिला लहानपणापासून जाळीपलीकडूनच भेटत आले आहे. तिचा संप्रदाय सांता मोनिकाच्या संप्रदायाहून वेगळा असला, तरी बंदिस्त जीवनाची चौकट बरीचशी समान आहे, म्हणून तिच्याकडून ऐकलेल्यावरूनच मला या भिंतींच्या आतले जीवन समजू लागले.

या दिवसाचा कणा प्रार्थनाप्रहर हाच आहे. जुन्या पद्धतीनुसार रात्रीची प्रार्थना धरून एकूण आठ प्रहर होत. त्यांपैकी पहाटेची प्रार्थना ‘लाउद्स’, सूर्यास्ताच्या सुमाराची ‘व्हेस्पर्स’ आणि झोपण्यापूर्वीची ‘कॉम्प्लिन’. त्यांत बायबलमधील १५० स्तोत्रे अशा रीतीने वाटून दिलेली असत की एका आठवड्यात सर्व स्तोत्रांचे एक आवर्तन पूर्ण व्हावे, आणि ती लॅटिनमध्ये, दोन बाजूंना समोरासमोर बसलेल्या दोन गटांनी आळीपाळीने एकेक चरण घेऊन म्हणायची असत. आपल्याकडे आरतीत किंवा भजनात दोन बाजूंनी चरण उचलतात, ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना याची कल्पना चटकन येईल. मिस सांगायला पाद्री बाहेरून येत असे; संन्यासिनी मात्र आपल्या कोरोमध्ये, म्हणजे जाळीने वेगळ्या केलेल्या गायनकक्षात असत. चर्चमधील लोकांना त्यांचा आवाज ऐकू येई, चेहरे दिसत नसत.

या प्रहरांच्या मधला वेळ कामाचा. स्वयंपाक, शिवण, भरतकाम, वेदीवरची वस्त्रे, आजाऱ्यांची शुश्रूषा, बाग, हिशेब. सांता मोनिकाच्या आत जी बाग होती तिला ‘लिलींची दरी’ असे सुंदर नाव होते; ज्या स्त्रीला मठाच्या उंबरठ्याबाहेर पुन्हा कधीही पाऊल टाकायचे नव्हते तिच्यासाठी ती बाग केवढी मोलाची असेल, याचा मी अनेकदा विचार करते. जेवण मौनात होते आणि जेवताना एक भगिनी मोठ्याने संतचरित्र वाचते. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत महामौन असते. मात्र दिवसभर मौनच असते, असे कोणी समजू नये. ठरलेल्या वेळी सगळ्याजणी एकत्र बसून मोकळेपणाने बोलतात, हसतात, गातात. आत्या सांगते, की ती वेळही नियमातच आहे आणि ती टाळणेसुद्धा नियमभंगच ठरते.

मठात प्रवेश म्हणजे लगेच संन्यास नव्हे. आधी उमेदवारी, मग मठाचा वेष मिळतो, मग किमान वर्षभर कसोटीचा काळ, ज्यात मुलगी केव्हाही घरी परतू शकते आणि मठही तिला परत पाठवू शकतो. त्यानंतर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते. व्रतग्रहणाच्या वेळी ती वेदीपुढे जमिनीवर साष्टांग पालथी पडते आणि सर्व संतांची नावे घेऊन तिच्यासाठी प्रार्थना होते; पुढे तिला नवे नाव मिळते. पूर्वाश्रमाचे नाव सोडणे आपल्याकडच्या संन्याशांनाही नवे नाही. वस्तू आतबाहेर देण्याघेण्यासाठी भिंतीत एक फिरते लाकडी कपाट असते, त्याला पोर्तुगीजमध्ये ‘रोडा’ म्हणतात. बाहेरच्याने वस्तू ठेवायची, कपाट फिरवायचे, आतलीने ती घ्यायची. कोणी कोणाला पाहत नाही.

आपले गोड पदार्थही या मठाशी जोडले जातात. बेबिंका इथल्याच एका भगिनीने प्रथम केली, अशी आख्यायिका आहे. तिला कागदोपत्री पुरावा नाही. परंतु पोर्तुगालमधील मठांत अंड्याचे पांढरे वस्त्रांना खळ देण्यासाठी वापरून उरलेल्या बलकाची मिष्टान्ने करीत, असेही सांगतात, आणि बेबिंकेत किती बलक लागतात हे आमच्या घरी नाताळात प्रत्येकाला ठाऊक असते.

डिचोलीकर यांचे उत्तर

दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला. परंतु या चित्राची दुसरी बाजू मांडली नाही तर ते अपुरे राहील. सतराव्या शतकात या मठात आलेली प्रत्येक मुलगी अंतःकरणातील हाकेमुळेच आली होती, असे म्हणता येत नाही. पोर्तुगीज घराण्यांत मुलीला योग्य स्थळ मिळवून द्यायला मोठा हुंडा लागे. मठातही हुंडा द्यावा लागे, तरी त्यात प्रतिष्ठा होती आणि सुरक्षितता होती. सैनिक आणि अधिकारी युद्धात व रोगराईत मरत, त्यांच्या विधवा आणि अनाथ मुली मागे राहत. मेनेझिस यांनी या मठाआधी अशा स्त्रियांसाठी आश्रयगृहे काढली होती, ती याच गरजेतून. पुढे मठाकडे इतकी मालमत्ता साठत गेली, की गोव्याच्या नगरसभेने राजाकडे वारंवार तक्रारी केल्या.

आतही समता नव्हती. काळे शिरोवस्त्र घेणाऱ्या भगिनी कोरोमध्ये बसून प्रार्थना म्हणत आणि मठाच्या कारभारात मत देत. पांढरे शिरोवस्त्र घेणाऱ्या कष्टाची कामे करीत. पहिल्या वर्गात बहुतांशी पोर्तुगीज वंशाच्या मुली होत्या. पुरुषांच्या संघांतही गोवेकर ख्रिस्ती तरुणाला फार काळ दार बंदच होते. तो धर्मप्रांतीय पाद्री होऊ शके, पण फ्रायर होणे त्याच्यासाठी जवळजवळ अशक्य. म्हणूनच जुन्या गोव्यात १६८० च्या दशकात गोवेकर पाद्रींनी स्वतःचा ऑरेटोरियन संघ उभा केला, याचे मला फार मोल वाटते. त्याच संघाचे जोसेफ वाझ १६८७ मध्ये वेषांतर करून श्रीलंकेत शिरले, डच सत्तेने छळलेल्या कॅथलिकांमध्ये त्यांनी मरेपर्यंत, म्हणजे १७११ पर्यंत काम केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कोलंबो येथे संतपद दिले.

आणखी एक गोष्ट. बाईंच्या आईंचे माहेर कवळ्याचे, असे त्यांनी लिहिले आहे. कवळ्याची शांतादुर्गा मुळात केळशीची आणि प्रियोळचा मंगेश कुठ्ठाळीचा, हे आपण सगळे जाणतो. सासष्टीतील ती देवस्थाने सोळाव्या शतकात का स्थलांतरित झाली, याचे उत्तर या धर्मसंघांच्या गोव्यातील इतिहासापासून वेगळे काढता येत नाही. हे मी कटुतेने लिहीत नाही. परंतु एका मठाच्या भग्नतेविषयी हळहळताना दुसऱ्या मठांना आणि देवळांना गाव सोडावे लागले होते, याचेही स्मरण असावे.

दिवाडकरीण

डिचोलीकर, आपण लिहिले ते मला मान्य आहे, आणि ते इथे लिहिले गेले हे योग्यच झाले. आमच्या दिवाडीलाही सप्तकोटेश्वराची आठवण आहे; ते देऊळ गेले आणि देव नार्व्याला गेला, हे आमच्या घरातले वडीलधारे आजही खेदाने सांगतात. माझे म्हणणे एवढेच, की घरच्यांनी आणून सोडलेली मुलगीसुद्धा तिथे पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगली, पहाटे उठली, स्तोत्रे म्हणाली, आजारी भगिनीच्या उशाशी बसली. ते आयुष्य तिने नंतर आपले मानले की नाही, हे बाहेरून ठरवता येत नाही. शिवाय या मठात प्रमुख भगिनीची निवड भगिनींच्याच मतांनी होई, जमाखर्च त्याच पाहत आणि वाचन-लेखन येणाऱ्या स्त्रिया तिथे होत्या. त्या काळात गोव्यातील कोणत्याही घरात, ख्रिस्ती असो वा हिंदू, स्त्रीला हे सहसा मिळत नसे.

अंत्रुजवासी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. डिचोलीकरांची शेवटची सूचना आईला वाचून दाखवली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. नंतर तिने आपला तिसराच प्रश्न पुन्हा विचारला, "पण शिष्या का राहिली नाही?" आमच्याकडे स्वामी आपल्या हयातीतच शिष्य स्वीकारतात, म्हणजे परंपरा तुटत नाही, इथे तसे का झाले नाही, हे तिला समजून घ्यायचे आहे. सर, आपण सांगाल का?

म्हापशाचे निवृत्त इतिहास-शिक्षक

सांगतो, आणि हा भाग मला स्वतःला नेहमीच हलवून जातो. प्लेग आणि तापाच्या साथींनी जुने गोवे ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पण मठ केवळ त्यामुळे बंद पडले नाहीत. १७५९ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने जेझुइटांना हाकलले. नंतर पोर्तुगालमधील यादवी युद्धात उदारमतवादी जिंकले आणि १८३४ च्या मे महिन्यात त्यांच्या सरकारने पुरुषांचे सर्व धर्मसंघ एका फर्मानाने रद्द करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. गोव्यात त्याची अंमलबजावणी १८३५ मध्ये झाली. ऑगस्टीनियन फ्रायरांना टेकडीवरचा मठ सोडावा लागला. दुरुस्तीवाचून १८४२ मध्ये त्यांच्या चर्चचे छत कोसळले, आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व अर्धा मनोरा पडला. तिथली मोठी घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात नेली होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या इगर्जीत आली आणि आजही ती तिथेच वाजते.

भगिनींना मात्र घराबाहेर काढले नाही. ज्या आत होत्या त्यांना मरेपर्यंत राहण्याची मुभा होती. अट एकच, की यापुढे एकही नवी उमेदवार घ्यायची नाही. मठाचे दार आतून नेहमीच बंद असे, आता ते येणाऱ्यांसाठीही बंद झाले. त्यानंतर दर काही वर्षांनी एक भगिनी कमी होत गेली. दोन बाजूंनी स्तोत्रे म्हणणारे दोन गट लहान होत गेले असतील, मग एका बाजूला कोणी उरले नसेल. सुमारे शंभर भगिनींसाठी उभारलेल्या त्या तीन मजली वास्तूत शेवटची संन्यासिनी १८८५ मध्ये वारली. आपल्या आईंना सांगा, की शिष्या मिळाली नाही असे नव्हे. शिष्या घेण्याची बंदी होती. ऑगस्टीन यांच्या मठजीवनाची कल्पनाच मुळी एकत्र राहण्यावर उभी आहे, तेव्हा ही बंदी त्या मठासाठी किती निर्णायक होती हे मठ जवळून पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

ती वास्तू मात्र पुन्हा भगिनींच्या कामी आली. १९६४ पासून तिथे ‘मातेर देई’ ही संस्था आहे आणि वेगवेगळ्या धर्मसंघांतील भगिनी तिथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतात.

समोरच्या टेकडीविषयीही एक सांगण्यासारखे आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझ येथे धर्मांतर नाकारल्याबद्दल ठार मारण्यात आले. ऑगस्टीनियन फ्रायरांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणून आपल्या मठात जपून ठेवला होता. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात तिथे अस्थी सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांची जनुकीय तपासणी झाली आणि २०२१ मध्ये त्या जॉर्जियाला समारंभपूर्वक देण्यात आल्या. फ्रायर गेले, छत पडले, तरी त्यांनी जपलेली ठेव जमिनीत राहिली होती.

अंत्रुजवासी

सर, आईला हे वाचून दाखवताना माझाच आवाज अडखळला. तिने सांगितले आहे, की पुढच्या वेळी पणजीला जाऊ तेव्हा संध्याकाळी इगर्जीपाशी थांबून ती घंटा ऐकायची. तिचा आणखी एक प्रश्न दिवाडकरीण बाईंना आहे. आपल्या आत्या ज्या मठात आहेत तिथे आमच्यासारख्या हिंदू घरातून शिधा पाठवला तर चालतो का? मठाला शिधा देण्याची आमच्याकडे रीत आहे, म्हणून ती विचारते.

दिवाडकरीण

माईंना माझा नमस्कार सांगा. नक्की चालतो, देणाऱ्याचा धर्म तिथे कोणी विचारीत नाही. कार्मेलाईट भगिनी आजारपण सोडले तर मांस खात नाहीत, तेव्हा तांदूळ, नारळ, भाजी, डाळ यांपैकी काहीही द्यावे. रोड्यापाशी एक छोटी घंटा असते, ती वाजवायची. आतून आवाज येईल, त्या आवाजाला आपले म्हणणे सांगायचे. कोणासाठी प्रार्थना हवी असेल तर त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून शिध्याबरोबर ठेवावे, त्या ती चिठ्ठी प्रार्थनेला घेऊन जातात. पत्ता मी आपल्याला स्वतंत्रपणे कळवते. देव बरें करूं.